घरातला पत्ता

खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, मासेमटण चालतं का हेही विचारलं नाही. एकट्या बाईनं भाड्याची खोली मागितली की हे तिन्ही प्रश्न ठरलेले असतात आणि माझी उत्तरं पाठ होती. त्यामुळे मला उलट संशयच आला आणि मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीच नाही. मालक ओटीवर मांडी घालून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. वर न बघता म्हणाले, "मशीन आणलंस?"

"कसलं मशीन?"

"लॅपटॉप गो. काढ, आनि त्याचा पत्ता सांग."

बँकेनं माझी साताऱ्याहून बोर्ली पंचतनला बदली केली होती. एसटीच्या वळणांनी पोट ढवळलेलं, उकाड्यानं जीव कासावीस झालेला, आणि समोर हा म्हातारा लॅपटॉपचा पत्ता विचारत होता. वाद घालायचं त्राण नव्हतं. मी लॅपटॉप काढला आणि झाकणावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं.

"ती त्याची जात झाली," मालक म्हणाले. "मी जात न्हाय इचारत. पत्ता इचारतोय."

मग त्यांनी मला घरच्या वायफायचा पासवर्ड सांगितला, मशीनला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडायला लावली आणि तिच्यात 'आयपीकॉन्फिग' लिहायला लावलं. "एका दमात लिही, मधी जागा सोडू नको." भराभरा ओळी आल्या. त्यातली आयपीव्ही फोर अशी सुरुवात असलेली ओळ शोधायची. मी शोधली आणि शाळेत पाढे म्हणावेत तसे आकडे मोठ्यानं वाचले. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, मग एक मधला आकडा, शेवटी एकशे तेरा.

"एकशे तेरा हा पाव्हण्याचा. खोली पसंत हाय?"

"अजून दाखवलीत कुठं?"

"मग बघून ये. पसंत पडली तर घरचा नंबर देतो."

खोलीच्या खिडकीतून पोफळी दिसत होत्या, नळाला पाणी होतं आणि कुणी आडनाव विचारलेलं नव्हतं. मी बाहेर येऊन पसंत आहे म्हटलं. मालकांनी आत जाऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर काहीतरी खुडबुड केली आणि मला वायफाय एकदा बंद करून चालू करायला सांगितलं. पुन्हा काळी खिडकी, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी शेवटी पंचवीस आलं.

"हां," मालक म्हणाले. "तू पंचवीस. चहा घेशील?"

त्या दिवसापासून त्या घरात मी पंचवीस झाले. "पंचवीस, दळण आणायला चाललोय, तुझं हाय का?" "पंचवीस, बोंबील घेतलेत, ताट आण." पहिले काही दिवस मला तुरुंगात आल्यासारखं वाटलं. मग सवय झाली. खरं सांगायचं तर सवयीपेक्षा जास्त काहीतरी झालं, पण ते मला फार उशिरा कळलं.

मालकांनी उभा जन्म उरणला कंटेनरच्या यार्डात काढला होता. तिथं कंटेनरला डबा म्हणतात. कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे हे कॉम्प्युटरवर सांभाळायचं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर गावाकडे येऊन वडिलांची नारळी-पोफळीची वाडी झाडून घेतली, पुढे हे घर बांधलं आणि तीन खोल्या भाड्यानं दिल्या. बायको वारलेली, मुलगी पनवेलला दिलेली. माणसांना आकड्यानं हाक मारायची खोड यार्डातलीच. "नाव काय, कुनाचंबी काय बी असतं," ते म्हणायचे. "यार्डात डब्यावर सायबाचं नाव लिवलेलं असलं तरी डबा सापडत न्हाय. नंबर नि जागा म्हाईत असली की सापडतोच."

माझ्या बाजूच्या खोलीत चाळीस होता. नागपूरकडचा मुलगा, घरी बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम करायचा. त्याच्या मशीनवर उबुंटू, माझ्यापेक्षा वेगळीच प्रणाली. स्वतः इंजिनीअर, पण पहिल्या दिवशी घाईघाईत त्यानं यादीतला पहिलाच आकडा वाचला, एकशेसत्तावीस. मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरं, तो मशीनचा सोताशी बोलायचा पत्ता. आरशाला काय सांगतोस तुझं घर कुठं ते? खालची ओळ वाच." पुढं त्यांनी त्याला तोडगाही सांगितला: होस्टनेम लिहायचं, जागा सोडायची, आडवी रेघ आणि मोठा आय. मग उबुंटू फापटपसारा न मांडता नुसता पत्ता सांगतं.

वरच्या खोलीत साठ. मुंबईची बाई, पुस्तकांची मुखपृष्ठं करायची. आठवडाभर समुद्र बघायला म्हणून बोटीनं मांडव्याला उतरली होती, तिथून गाडी करून इकडे आली आणि परत जायचं विसरली. तिचा मॅक. तिला काहीही टाइप करायचा कंटाळा. मालकांनी तिच्यासाठी वेगळी वाट शोधली होती. ऑप्शनचं बटण दाबून धरायचं आणि वायफायच्या चिन्हावर क्लिक करायचं, पत्ता आपोआप खाली उलगडतो. नाकावरची माशी हाकलावी तसं साठ ते करायची.

"तिघांना तीन तऱ्हा कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं. "आकडा तर एकाच जातीचा येतो."

"प्रश्न एकच हाय," मालक म्हणाले. "पन म्हावऱ्यावालीला भाव इचारायची रीत येगळी नि सोनाराला येगळी. सोनाराकडं जाऊन मासळीसारखा पाटीत हात घालशील काय?"

ते स्वतः घरातले दोन नंबर. एक नंबर राउटरचा. मालक असून दुसरा नंबर का घेतलात, असं चाळीसनं विचारलं तर म्हणाले, "पयला मान दाराचा. दार म्हंजे मालकापरीस मोठं." त्यांच्या फोनचा शेवटचा आकडा दोन, हे आम्हा तिघांना आमच्या वाढदिवसासारखं पाठ होतं.

पण मधला आकडा पाठ करून उपयोग नव्हता, कारण तो ते दर अमावास्येला बदलायचे. त्या दिवशी वाडीच्या राखणदाराला नारळ द्यायची रीत. माडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, तिथं नारळ वाढवायचा, सांभाळ कर म्हणून हात जोडायचे. मालक नारळ देऊन यायचे, हातपाय धुवायचे आणि राउटरचा मधला आकडा बदलून टाकायचे. एक राखणदार वाडीचा, एक घराचा, दोघांचं एकाच दिवशी करायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. बदललेला आकडा कुणाला सांगायचे नाहीत. "सोताच्या मशीनला इचारा की. आधी सोताचा पत्ता बघावा, मंग दुसऱ्याचा इचारावा."

दर महिन्याला आमचं काही ना काही बंद पडायचं आणि तिघंही त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. साठ तर म्हणायची की म्हाताऱ्याच्या घरात राखणदार एकच आहे आणि तो स्वतः हाच.

त्यांची दुसरी खोड मला मुळीच आवडायची नाही. रोज सकाळी उठले की ते आपल्या फोनवरून आमच्या मशीनना पिंग करायचे. पिंग म्हणजे नुसती हाक. आहेस का, असं एका मशीननं विचारायचं आणि आहे, असं दुसऱ्यानं सांगायचं, त्यापलीकडे काही नाही. मग ओटीवरून आवाज यायचा, "चाळीसचं मशीन रातभर चालूच व्हतं वाटतं!" किंवा "पंचवीस, आज उशीर?" मी एकदा तोंडावर सांगितलं, हे काही बरं नाही, आम्ही काय डबे आहोत का मोजायला?

मालक रागावले नाहीत. "मोजत न्हाय गो," म्हणाले. "हाक मारतो. घरात मानसं हायत तर हाक नको मारू?"

मला ते आवडलं मात्र नाही.

एकदा दोन दिवस इंटरनेट गेलं. चाळीस घरभर येरझाऱ्या घालत होता, नेटवर्क मेलं, नेटवर्क मेलं. मालक शांतपणे म्हणाले, "नेटवर्क कुठं मेलंय? फाटकाबाहेरचा रस्ता बंद झालाय. म्हनून काय घरातल्या खोल्या एकमेकींना वळखायच्या थांबल्या?" आणि खरंच, त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरची जुनी गाणी आमच्या तिन्ही खोल्यांत वाजवून दाखवली. एरवीही ते बजावायचे, "पन घरातला पत्ता घराबाहेर चालत न्हाय, ध्येनात ठेव. फाटक वलांडलं की दोन नंबरला कुनी इचारत न्हाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला अर्थ झिजून गेला होता.

वाडीतही त्यांनी वायफाय नेलं होतं, तेही वानरांसाठी. वानरं शहाळी तोडून टाकायची, आणि मालकांना कुठला वानर हे करतो ते बघायचं होतं. घरातून एक पिवळी केबल पोफळींना बांधत बांधत त्यांनी पंपघरापर्यंत ओढली, तेलाच्या रिकाम्या डब्यात वायफाय पसरवणारं छोटं यंत्र बसवलं आणि माडाकडे तोंड करून एक कॅमेरा लावला. वानर सापडला. एक डोळा बारीक असलेला म्होरक्या होता. त्याला शिव्या घालायला मालक रोज संध्याकाळी कॅमेरा उघडून बसायचे. वानराला नंबर मात्र दिला नव्हता. तो म्हणे भाडं देत नाही.

आता त्या रविवारचं सांगते.

आदल्या दिवशी अमावास्या झाली होती. सकाळीच वाडीच्या मागच्या रस्त्यावर जेसीबी लागला, पाण्याची पाइप टाकायला. पहिल्या दणक्यात त्यानं इंटरनेटची केबल उचकटून काढली. दिवसभर घरघर आणि खणखण. आम्ही तिघं आपापल्या खोल्यांची दारं लावून बसलो. रविवारी चारचा चहा मालकांचा असायचा. गवती चहा, आलं आणि आमच्या मानानं अर्धी साखर, कारण त्यांना स्वतःला मधुमेह होता आणि ते सगळ्यांनाच सुधारायला निघाले होते. त्या दिवशी चहाची हाक आलीच नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर त्यांचं जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं, तसंच्या तसं. फ्रिजच्या दारात दुपारचं इन्सुलिन, तेही तसंच. दुपारचं इंजेक्शन आणि जेवण मालक कधी चुकवत नसत. मागं एकदा जेवायला उशीर झाला तेव्हा ओटीवरच भोवळ येऊन पडले होते आणि आम्ही तोंडात गूळ कोंबला होता.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आमच्या भागात मोबाइलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात मिळते, वाडीत तर नावालाही नाही. मी गच्चीवर उभी असतानाच त्यांच्या मुलीचा फोन आला.

"ताई, बाबा कुठं हायत? सकाळपास्नं फोन लागत न्हाय."

मी सांगितलं, बघतोय. तिला रडू फुटलं. आम्ही घर शोधलं, माडी शोधली, न्हाणीघर शोधलं. वाडीच्या तोंडाशी उभं राहून हाका मारल्या, पण जेसीबीच्या आवाजात माझी मलाच हाक ऐकू येत नव्हती. वाडी लांबलचक, खाली पार खाडीपर्यंत, आत दुपारीही अंधारलेलं. चाळीस नाक्यावर जाऊन आला. टपरीवाला सांगत होता, "मालक ना? सकाळी रिक्षात बसून दिघीला गेले की. मी सोता बघितलं."

झालं. दिघीला बोटीवर चढले असतील, पलीकडे गेले असतील, वाटेत कुठं भोवळ येऊन पडले असतील. चाळीसनं बाइक काढली आणि दिघीचा रस्ता धरला. मुलगी पनवेलहून निघाली. ती पोलिसात कळवायचं म्हणत होती. घरात मी आणि साठ उरलो. ऊन उतरायला लागलं होतं, आणि पोटात अन्न नाही की अंगात इन्सुलिन नाही असा माणूस किती वेळ तग धरतो हे मला माहीत नव्हतं. मी देवघरासमोर उभी राहून काहीबाही पुटपुटले. साठ भिंतीला टेकून राउटरकडे बघत होती.

"मेलं इंटरनेट नाही आणि दिवे कसे लुकलुकतायत बघ," ती म्हणाली.

आणि ते झिजलेलं वाक्य माझ्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. घरातला पत्ता घराबाहेर चालत नाही.

"साठ," मी म्हटलं, "मालक दिघीला गेले असतील तर त्यांचा फोन आपल्या वायफायवर नसणार. आणि असला, तर मालक दिघीला नाहीत. इथंच आहेत."

मी पळत जाऊन लॅपटॉप उघडला. काळी खिडकी, आयपीकॉन्फिग. पत्ता आला एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा. वाटलं, घरातलंही सगळं बंद आहे. मग मालकांचाच आवाज आठवला. एकदा असंच झालं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "एकशे एकोणसत्तर म्हंजे मशीन वाटंत उभं हाय, त्याला कुनी घरात घेतलं न्हाय. घर जागेवरच हाय." माझ्या खोलीत वायफाय आधीच मरतुकडं, त्यात मधला आकडा बदललेला. माझं मशीन दाराबाहेर राहिलं होतं, एवढंच.

"तुझं आण," मी ओरडले.

साठनं मॅक आणला, ऑप्शनचं बटण दाबून धरलं आणि वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, सदतीस, साठ. मधला आकडा सदतीस! आता मालक कुठं असतील ते विचारता येणार होतं. सदतीसनंतर साठच्या जागी दोन टाकायचं. जन्मात काही टाइप न करणाऱ्या साठनं एकेक अक्षर शोधत पिंग लिहिलं.

उत्तर नाही. पुन्हा नाही. ओळीमागून ओळ, वेळ संपली, वेळ संपली. साठनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. आणि मग एक ओळ वेगळी आली. दोन नंबरनं उत्तर दिलं होतं. लगेच दुसरं. मग तिसरं.

मी रडायलाच लागले. घरातलं मशीन घरातल्या मशीनला आहे म्हणालं होतं, बाकी काही नाही, पण तेवढ्यानं माझा श्वास मोकळा झाला. टपरीवाल्यानं दुसऱ्याच कुणाला तरी बघितलं होतं.

"पण घर तर आपण सगळं पाहिलं," साठ म्हणाली.

मी राउटरच्या मागं हात घातला, वाडीत जाणारी पिवळी केबल शोधली आणि उपटली. "आता बघ."

"थांबलं," साठ म्हणाली. "उत्तरं थांबली!"

केबल परत खोचली. थोडा वेळ गेला, आणि उत्तरं पुन्हा सुरू झाली. साठ मॅकसमोरून ओरडली, "वाडीत आहेत, पंचवीस! पंपघराच्या आसपास!"

मी गुळाचा खडा मुठीत घेऊन अनवाणी धावले. वाटेत एक वाईट विचार आला, की फोन वाडीत आहे म्हणजे माणूस आहे असं कुठं ठरलंय? फोन नुसता पडलेलाही असेल. आणि माणूस असला तरी तो उत्तर देईलच कशावरून? फोनला भोवळ येत नाही. त्या विचारासरशी मी आणखी जोरात पळाले. पंपघर रिकामं होतं. माडाकडे तोंड केलेला कॅमेरा जागेवर नव्हता, नुसती वायर लोंबत होती. ती वायर कुठं ओढलीय ते बघत मी पुढं गेले. कुंपणालगत जुना हौद होता, पाणी आटलेला, वर गवत वाढलेला, कुणी तिकडे फिरकत नसे. त्याच क्षणी जेसीबी थांबला, बहुधा चहाला. आणि हौदातून आवाज आला.

"कोन हाय गो तिकडं?"

मी काठावरून वाकून बघितलं. मालक हौदाच्या तळाशी भिंतीला टेकून बसले होते, एक पाय सुजून टम्म झालेला, मांडीवर कॅमेरा, बाजूला मोडकी शिडी. त्या बारीक डोळ्याच्या वानरानं कॅमेरा उपटून हौदात फेकला होता. तो आणायला मालक शिडीवरून उतरले आणि शिडी मोडली. तोंड पांढरं पडलं होतं, घाम आला होता, पण माणूस शुद्धीवर होता. शुद्धीवर होता!

मी गूळ खाली टाकला. त्यांनी तो तोंडात घातला, चोखला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "दुपारपास्नं तुमाला पिंग मारतोय. साठचं मशीन उत्तर देतंय, चाळीसचं देतंय. मानूस एक येत न्हाय. मशीन तरी काय करनार, ते मुकाट सांगतं, हाय म्हनून."

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुझं न्हवतंच घरात. एकदाबी उत्तर आलं न्हाय. म्हटलं, पंचवीसला काय झालं? पडली बिडली का कुठं?" ते माझ्याकडे बघत होते. "लई काळजी वाटली गो."

स्वतः मोडक्या पायानं खड्ड्यात बसून हा माणूस दुपारभर माझी काळजी करत होता. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि दोन्ही आवरेना.

वर काढायला जेसीबीचाच उपयोग झाला. ड्रायव्हरनं कुंपणावरून लोखंडी खोरं आत घेतलं, त्याचा माणूस हौदात उतरला, त्यानं मालकांना अलगद खोऱ्यात बसवलं आणि ते हळूहळू वर आले. पोफळींच्या पानांतून वर येताना मालक वेदनेनं कण्हत होते, तरी म्हणाले, "जन्मभर डबे उचलताना बघितले. आज मीच डबा झालो." ड्रायव्हरला काही कळलं नाही. माझ्यामागून वाडीत धावत आलेली साठ मात्र मॅक छातीशी धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पिंग अजून चालूच होतं.

पाय घोट्यात मोडला होता. श्रीवर्धनला प्लास्टर घातलं, साखरही जागेवर आली. मुलगी आली ती आधी बापाला बिलगली आणि मग तासभर बोलली. हे घर विकून पनवेलला चला, हा विषय निघालाच. मालक म्हणाले, "तिथं माझा नंबर काय?" तिनं कपाळाला हात लावला, पण घर राहिलं. आम्हा तिघांच्या जिवातही जीव आला, कारण ते घर गेलं असतं तर आम्ही कुठं राहणार हा प्रश्न नव्हता, आम्हाला सकाळी हाक कोण मारणार हा होता.

मात्र त्यानंतर रीत उलटी झाली. रोज सकाळी आम्ही तिघं, आपापल्या तऱ्हेनं आधी स्वतःचा पत्ता बघून, दोन नंबरला पिंग करायचो. मालक ओटीवरून ओरडायचे, "कळलं, कळलं! जिता हाय! चहा टाका कुनीतरी!"

पुढं माझी बदली झाली. निघताना मालकांनी सुपारीची पुरचुंडी दिली, नीट जा म्हणाले, आणि नावानं हाक मारली नाही ती नाहीच. नव्या गावी नवी खोली घेतली. तिथल्या घरमालकीणबाईंनी पहिला प्रश्न आडनावाचा विचारला.

वर्ष उलटून गेल्यावर सुट्टीत बोर्लीला गेले. फाटक उघडलं तर मालक ओटीवरच होते. किंचित लंगडत उठले, चहा टाकायला आत गेले. माझ्या खोलीच्या दारात एक नवी मुलगी केस विंचरत उभी होती, गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून आलेली. मी हसून विचारलं, "तुम्ही पंचवीस ना?"

"नाही हो," ती म्हणाली. "मी सव्वीस. पंचवीस कुणाचा तरी आहे म्हणाले."

मी ओटीच्या कडेला टेकले. पिशवीतून तोच जुना लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला. पासवर्ड विचारला नाही, मशीन आपणहून घरात गेलं. काळी खिडकी, आयपीकॉन्फिग. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, मग एक अनोळखी मधला आकडा, आणि शेवटी पंचवीस.

आतून कपबशीचा आवाज आला आणि त्यामागून मालकांचा.

"काय गो पंचवीस, मिळाला पत्ता?"

"मिळाला," मी म्हटलं.